एचपी विचारायच्या आधी पाणी मोजणारं मोटर-पंपाचं दुकान, अंबड तालुका – माझा रिव्ह्यू

सरळ सांगतो, शेतातली मोटर घ्यायची असेल तर असं दुकान शोधा जिथं गेल्या गेल्या "किती एचपी (हॉर्सपॉवर, मोटारीची ताकद) देऊ" असं विचारत नाहीत. आमच्या अंबड तालुक्यातल्या ह्या दुकानात तो विषय सगळ्यात शेवटी निघाला. त्याच्या आधी विहीर किती खोल, मे महिन्यात पाणी किती फुटावर जातं, पाईप किती इंची आणि किती लांब, बाग विहिरीपेक्षा किती उंचावर, ड्रिप का मोकळं पाणी, झाडं किती, लाईट किती तास टिकते, एवढं सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. नाव-नंबर इथं टाकत नाही, कारण मालकच म्हणले की भाऊ कुठं टाकू नका, आम्ही तिघंच जण आहोत, एवढ्या विहिरी मोजायला पुरणार नाहीत. म्हणून दुकानापेक्षा त्यांच्या कामाची पद्धत नीट लिहितो, ती कळली तर तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊन हेच प्रश्न उलटे विचारू शकता.

आमचं प्रकरण असं. चार एकर मोसंबी, झाडं साधारण ४४०, विहीर खाली नाल्याच्या कडेला आणि बाग वर माळाला. ५ एचपीची ओपनवेल (विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायची) मोटर अण्णांच्या काळातली, कितीदा वायडिंग केलं त्याचा हिशोब नाही. उन्हाळ्यात शेवटच्या चार-पाच ओळींचे ड्रिपर नुसते घाम आल्यासारखे ओले व्हायचे, झाडं पिवळी पडायलेली. गावात ज्याला विचारावं तो म्हणायचा ७.५ टाका, विषय संपवा. चुलतभावानं तर तालुक्यातल्या दुसऱ्या एका दुकानातून ७.५ चा भाव पण काढून आणला होता, तिथं त्याला फक्त दोन गोष्टी विचारल्या, कोणत्या कंपनीची आणि रोख का उधार. मी ठरवलं की पैसे टाकायच्या आधी कुणीतरी कारण सांगितलं पाहिजे, पाणी शेवटपर्यंत का जात नाही, आणि त्यासाठी ह्या दुकानात गेलतो.

मालक पन्नाशीचे असतील, शांत माणूस. म्हणले, "भाऊ, मोटर विकायला मला काय, दहाची पण देतो. पण आधी विहिरीवर येऊन बघतो, ५०० रुपये लागतील, माल घेतला तर बिलातून वजा करीन." आले मिस्त्रीला घेऊन. सोबत एक प्रेशर गेज (पाण्याचा दाब दाखवणारं घड्याळ), टॉंग टेस्टर (तारेतला करंट मोजायचं यंत्र), टेप, आणि बारीक दोरीला बांधलेलं वजन. बाकी काय नाही.

पहिलं काम विहिरीतलं पाणी मोजलं, ५० फूट खाली. मग मोबाईलवर उंची बघत बसले नाहीत, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तसं टप्प्याटप्प्यानं बागेच्या वरच्या टोकापर्यंत गेले, चढ निघाला ४० फूट. पाईपलाईन २ इंची म्हणजे ६३ एमएमची, लांबी १५०० फूट. विहिरीच्या काठावर पाईपाला गेज बसवला, ड्रिप चालू केलं, गेज ३ किलोवर थांबला. मग ड्रिपकडचा कॉक बंद करून शेजारच्या बायपासचा कॉक हळूहळू आवळत गेज परत त्याच ३ किलोवर आणला आणि ते पाणी २०० लिटरच्या ड्रममधी सोडलं. ड्रम भरायला ६६-६७ सेकंद. म्हणजे सेकंदाला ३ लिटर. हे मला लई आवडलं, कारण बाकीचे लोक कॉक पूर्ण उघडा ठेवून "बघा पाणी कसं फेकतंय" असं दाखवतात, पण मोकळ्या तोंडातून पडणारं पाणी आणि डोक्यावर दाब असताना निघणारं पाणी हे दोन वेगळे आकडे असतात. दाब धरून मोजलं तरच त्याला अर्थ आहे.

आता हिशोब. दाबाचा १ किलो म्हणजे पाण्याची साधारण १० मीटर उंची. गेज ३ किलो म्हणजे ३० मीटर, त्यात विहिरीतली ५० फूट खोली म्हणजे १५ मीटर मिळवा, झाले ४५ मीटर. एवढं हेड, म्हणजे पाणी ढकलायची एकूण उंची, ती मोटर त्या वेळेला मारत होती. पाण्याची ताकद काढायची तर सेकंदाला किती लिटर गुणिले एकूण मीटर, भागिले ७५, आलं उत्तर एचपीमधी. ३ गुणिले ४५ म्हणजे १३५, भागिले ७५ म्हणजे १.८. पाच एचपीच्या मोटारीतून पाण्याच्या अंगात १.८ एचपीच जायलेत.

अण्णा बाजूला उभे होते, त्यांनी विचारलं हे ७५ कुठून काढलं. मालकांनी त्यांना बाजूला बसवून सांगितलं आणि इतकं व्यवस्थित सांगितलं की मी पण तेच लक्षात ठेवलंय. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं तर तो एक हॉर्सपॉवर, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढंच. मग म्हणले, "काका, तुम्ही मोट हाणलेली आहे ना? समजा मोटेत १५० लिटर पाणी, विहीर १० मीटर खोल, मिनिटाला एक खेप. १५० गुणिले १०, भागिले ६० सेकंद, २५ आले. २५ भागिले ७५, म्हणजे बैलजोडी पाण्याला एक तृतीयांश एचपी द्यायली." अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता. बैल मागं सरकायचा वेळ, सौंदराची (मोटेच्या दोराची) ओढ, चाकाचं घासणं ह्यात बाकीची ताकद जायची हे अण्णांनीच पुढं सांगितलं, आणि मोटारीचं पण तसंच आहे असं मालक म्हणले. ज्यांना वॅटमधी पाहिजे त्यांनी लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१ करायचं, वॅट येतात, ७४६ वॅटचा एक एचपी धरला तर ७५ च्या जागी ७६ येतं. शेतकऱ्याला त्या एकानं काही फरक पडत नाही.

आता खरी गोष्ट पाईपाची. विहिरीवर ३ किलो दाब, बाग ४० फूट उंच म्हणजे १२ मीटर, चढानं १.२ किलो घेतला. राहायला पाहिजे १.८. पण बागेतल्या फिल्टरच्या आधी गेज लावला तर ०.८. मधला १ किलो गेला कुठं? २ इंची पाईपानं खाल्ला, नुसतं घासण्यात. आणि ड्रिपला फिल्टरच्या तोंडाशी साधारण १.५ किलो पाहिजे, कारण सँड फिल्टर, स्क्रीन फिल्टर थोडा दाब खातात आणि ड्रिपरला १ किलो शिल्लक राहावा लागतो. म्हणून शेवटच्या ओळी कोरड्या.

मग मी विचारलं, ७.५ टाकली तर? तेव्हा त्यांनी जे सांगितलं तेच ह्या सगळ्या रिव्ह्यूचं सार समजा. पाईप तोच ठेवून पाणी वाढवलं की घासण सरळ पटीत वाढत नाही, पाणी दुप्पट केलं तर नुकसान जवळपास साडेतीन-पावणेचार पट होतं. आपल्या पाईपात सेकंदाला ३ लिटरला १० मीटर जातात, ४ लिटरला १७ मीटर जातील, ५ लिटरला २५ मीटर. ७.५ ची मोटर जी जास्तीची ताकद देणार त्यातली बरीचशी पाईपातच जिरणार. तेच पाणी ३ इंची म्हणजे ९० एमएमच्या पाईपातून नेलं तर ४ लिटरला फक्त ३ मीटर, ५ लिटरला साडेचार. एक इंच वाढवला तर नुकसान पाच-सहा पटीनं कमी. अडीच इंची घेतला तर मधलं कुठंतरी, ४ लिटरला ७ मीटरच्या आसपास. हे आकडे त्यांनी पाईप कंपनीच्या तक्त्यातून काढून दाखवले, ज्यात पाणी किती आणि व्यास किती धरला की १०० मीटरला किती हेड जातं ते लिहिलेलं असतं. असा तक्ता प्रत्येक दुकानदाराकडं असतो, पण उघडून बघणारा मी तरी हा एकच बघितला.

पाणी किती पाहिजे ह्याचा पण हिशोब झाला. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला १२० लिटर धरलं, ४४० झाडं, म्हणजे ५३ हजार लिटरच्या आसपास. सेकंदाला ४ लिटर म्हणजे तासाला १४,४०० लिटर, पावणेचार तासात काम होतं. लाईट आठ तास म्हणतात पण ट्रिपिंग धरून चार-पाच तास नीट मिळतात, त्यात बसलं. त्याहून जास्त पाणी ओढलं तर मे महिन्यात विहिरीचा झराच तेवढा नाही, मोटर कोरडी चालणार. म्हणजे ७.५ टाकून जास्त पाणी ओढलं असतं तर विहिरीचा तळ लवकर दिसला असता आणि परत बंद करून बसावं लागलं असतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी किती वेगानं उपसायचं हे विहीर ठरवते, त्यामुळं हा मुद्दा मराठवाड्यात तरी पहिला विचारला पाहिजे.

मग दोन्ही पर्याय मांडले. सेकंदाला ४ लिटर पाहिजेत. जुना पाईप ठेवला तर खोली १५, चढ १२, पाईप १७, ड्रिप-फिल्टर १५, बेंड-व्हॉल्व्ह वगैरे दीड-दोन, एकूण ६१ मीटर. ४ गुणिले ६१ भागिले ७५, सव्वातीन एचपी पाण्याचे. पंपाची स्वतःची एफिशियन्सी (दिलेल्या ताकदीतली पाण्याला मिळणारी) ५५ ते ६० टक्के, म्हणून मोटारीच्या शाफ्टला (फिरणाऱ्या दांड्याला) साडेपाच-सहा एचपी लागणार, म्हणजे ७.५ घ्यावीच लागणार. नवा ३ इंची पाईप टाकला तर एकूण ४७ मीटर, पाण्याचे २.५ एचपी, शाफ्टला सव्वाचार-साडेचार, ५ ची मोटर पुरून उरते. बागेचं काम दोन्हीकडं अगदी तेवढंच आहे, वरचे १४ मीटर हेड निव्वळ पाईपाच्या भिंतीला घासायला. आणि मालक म्हणले आधी पाईप टाका, मोटर नंतर बघू, जुनीच चालली तर नवी घेऊ नका. मोटर विकणारा माणूस मोटर घेऊ नका म्हणतो, ह्याला मी अजून काय मार्क देऊ.

पाईप टाकला. पाणी वाढलं पण पाहिजे तेवढं नाही. मग जुना पंप दुकानात उघडून माझ्यासमोर ठेवला, इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या आतल्या चाकाच्या) कडा वाळूनं खाऊन गेलेल्या, मधली फट वाढलेली, त्यामुळं वर ढकललेलं पाणी आतल्या आत परत मागं यायलं होतं. टॉंग टेस्टरनं पहिल्या मोजणीला जुन्या मोटारीचा करंट ८.२ अँपिअर आलेला, व्होल्टेज ३८० होतं. थ्री फेजला १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर, तो ०.८३ धरला, ४,४८० वॅट ओढायली. पाण्यात जायचे १,३२५ वॅट. म्हणजे शंभरातले तीसच कामाला यायचे. त्यावर मग नवी ५ एचपी घेतली, आयएसआय मार्कवाली, आणि घेताना नेमप्लेट वाचायला शिकवली. नेमप्लेटवर एचपी मोठ्या अक्षरात असतो पण खाली हेड रेंज, ड्युटी पॉईंटचं (ज्या कामासाठी पंप बनवलाय त्या ठिकाणचं) हेड, डिस्चार्ज (सेकंदाला किती पाणी) आणि ओव्हरऑल एफिशियन्सी लिहिलेली असते, घ्यायची असते ती ही ओळ. आपला पॉईंट ४७ मीटर आणि ४ लिटर, तर असा पंप पाहिजे ज्याचा ड्युटी पॉईंट त्याच्या आसपास आहे. त्याच ५ एचपीत २० मीटरवर भरपूर पाणी टाकणारा पंप पण मिळतो आणि १०० मीटरवर थोडं पाणी चढवणारा जास्त स्टेजचा (एकापुढं एक जास्त इम्पेलर असलेला) पण मिळतो. एचपी एकच असला तरी दोन्ही कामं वेगळी, कारण हेड आणि डिस्चार्ज ह्यांच्या गुणाकारालाच तर आपण एचपी म्हणायलोत, एक वाढलं की दुसरं कमी होणारच.

बसवल्यावर परत तीच टेस्ट केली, ही गोष्ट त्यांनी स्वतःहून केली, मी आठवण करून दिली नव्हती. गेज ३.१ किलो, ड्रम ४९ सेकंदात, म्हणजे ४.१ लिटर. करंट ७.५ अँपिअर, ४,१०० वॅट. पाण्यात १,८५० वॅट. ४५ टक्के. बागेत फिल्टरच्या आधी ०.८ च्या जागी १.६ किलो. आधी हजार लिटरला ०.४१ युनिट जायचं, आता ०.२८, दिवसाच्या ५३ हजार लिटरला २२ युनिटच्या जागी पंधराच्या आत काम. शेवटच्या ओळीतल्या ड्रिपरखाली ग्लास धरून बघितला, पहिल्या ओळीएवढंच पाणी भरतंय.

आता काहीजण म्हणतील की साडेसात एचपीपर्यंत वीज मोफत आहे, एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बळीराजा मोफत वीज योजनेत, मग युनिट कशाला मोजायचे. मला हा विचार पटत नाही. बिल नाही आलं तरी डीपी (शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) तीच आहे. एका डीपीवर पंधरा-वीस मोटारी, त्यातल्या निम्म्यांनी गरज नसताना ५ च्या जागी ७.५ टाकली की व्होल्टेज ३५० च्या खाली, मोटर तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढते, वायडिंग तापतं, जळतं, आणि मग डीपी जळाली की ऐन एप्रिलमधी आख्खं शिवार कोरडं. डीपी बदलून यायला किती वाट बघावी लागते हे आपल्याला सांगायची गरज नाही. म्हणून पाणी मोजून मोटर घेणं म्हणजे शेजाऱ्याची पण मोटर वाचवणं आहे, मला हे मनापासून वाटतं. आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत पण अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या पुढं ७.५ असं जमिनीवर ठरवून देतात, तिथं तर आणखीच हिशोब लागतो, कारण ऊन उतरलं की पंपाचा वेग उतरतो आणि उंच हेड असलं की सकाळ-संध्याकाळ पाणी वरच चढत नाही. जे सोलर घ्यायलेत त्यांनी आधी आपलं एकूण हेड काढून ठेवा आणि त्या हेडला दिवसाला किती लिटर हे कंपनीकडून लिहून घ्या.

बोअरवाल्यांसाठी पण एक हिशोब दुकानात बसल्या बसल्या झाला. घनसावंगीकडचे एकजण आलते, बोअर ७०० फुटाचा, पाणी पण जवळपास तिथंच. ७०० फूट म्हणजे २१३ मीटर. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला शुद्ध ताकद ०.२७ युनिट, २१३ मीटरला ०.५८, आणि ४० टक्के एफिशियन्सी धरली तर हजार लिटरला जवळपास दीड युनिट. दहा हजार लिटरचा एक टँकर भरायचा म्हणजे साडेचौदा युनिट. ते म्हणत होते ५ एचपीत सेकंदाला २ लिटर तरी पाहिजे. २ गुणिले २१३ भागिले ७५, ५.७ एचपी पाण्याचेच झाले, मोटर दहाची लागली असती. मालकांनी स्पष्ट सांगितलं की ५ मधी एक लिटर येईल, फार तर थोडं वर, त्यापेक्षा जास्त सांगणारा खोटं बोलतोय. ते जरा नाराज होऊन गेले, पण तिथं असं गिऱ्हाईक सोडून द्यायची हिंमत दिसली.

माझा पुतण्या डिप्लोमाला आहे, त्यानं तिथंच विचारलं की मग वाहत्या पाण्यापासून आपण उलटं लाईट करू शकतो का, जायकवाडीचा डावा कालवा तर आमच्या भागातूनच जातो. दुकानात गिऱ्हाईक असताना पण त्याला वेळ दिला. एक चौरस मीटर तोंडातून सेकंदाला एक मीटर वेगानं पाणी वाहतंय असं धरा, नुसत्या वाहण्यातली ताकद ५०० वॅट, अर्धा गुणिले १००० गुणिले वेगाचा घन. त्यातली ५९ टक्क्यांच्या वर काढताच येत नाही असा निसर्गाचा नियम, प्रत्यक्षात १५०-२०० वॅट हातात. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट, पण कालव्यात वेग वाढवला तर काठ खचतील. तेच पाणी एक मीटर खाली पडतंय असं धरलं तर ९,८१० वॅट. त्याच पाण्यात वीसपट फरक, फक्त पडण्यामुळं. म्हणून वीज कालव्याच्या सपाट भागात करत नाहीत, धरणाच्या पायथ्याला करतात. पूर्णेवर येलदरीला २२.५ मेगावॅट आहे, पैठणला नाथसागराच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं केंद्र आहे आणि तिथलं मशीन उलटसुलट दोन्हीकडं चालेल असं बसवलेलं आहे, पाणी खाली येताना जनित्र आणि विजेवर फिरवलं तर पंप होऊन खालचं पाणी वर. पुतण्या म्हणला म्हणजे आपल्या मोटारीचाच फॉर्म्युला, फक्त एफिशियन्सीनं भागायच्या ऐवजी गुणायचं. अगदी बरोबर. पावसाळ्यात बातम्यात क्युसेक सांगतात ना, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तो एक मीटर पडला तर २७८ वॅट, आता पुतण्या बातम्या बघताना वहीच घेऊन बसतो.

ज्यांच्याकडं ड्रम नाही त्यांच्यासाठी मिस्त्रीनं दाखवलेली युक्ती. पाईपाचं तोंड एकदम आडवं ठेवा आणि पाईप पूर्ण भरून वाहत पाहिजे. बाहेर पडलेलं पाणी बरोबर एक फूट खाली येईपर्यंत पाईपाच्या तोंडापासून किती लांब गेलं ते टेपनं मोजा. एक फूट पडायला पाव सेकंद लागतो, म्हणून ते अंतर मीटरमधी घेऊन चारनं गुणलं की पाण्याचा वेग. ४५ सेंटीमीटर आलं तर वेग १.८ मीटर. अडीच इंची पाईपाचा आतला व्यास ६५ एमएम असेल तर त्याला ३.३ नं गुणायचं, साधारण ६ लिटर सेकंदाला. व्यास पट्टीनं आतून मोजा, बाहेरून मोजलं तर आकडा फुगतो.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण सांगतो. एक तर वेळ पाळत नाहीत. पाईपलाईनसाठी जेसीबी उभा राहिला आणि ह्यांचा मिस्त्री दुपारी उगवला, भाडं माझं चालू. दुसरं, हा सगळा हिशोब वहीच्या फाडलेल्या पानावर होतो, बिलावर फक्त मोटर, केबल, पाईप. माझं म्हणणं आहे की हेड किती, पाणी किती, करंट किती हे तीन आकडे बिलाच्या मागं लिहून सही करून द्यायला पाहिजेत, उद्या वॉरंटीत कंपनीचा माणूस आला तर त्याला दाखवता येईल. मी सांगितलं, "बघू भाऊ" म्हणले. तिसरं, पाईपाचा भाव मोंढ्यात थोडा कमी मिळतो, त्यांच्याकडं घासाघीस चालत नाही. आणि माल ठराविक दोन-तीन कंपन्यांचाच ठेवतात, कारण ज्या कंपन्या पंपाचा हेड-डिस्चार्जचा आलेख देत नाहीत त्यांचा माल ते घेतच नाहीत. ह्या शेवटच्या गोष्टीची मी तक्रार करणार नाही, पण ज्यांना स्वस्तातली मोटर पाहिजे त्यांनी हे धरून चालावं.

एक महत्त्वाचं राहिलं, ह्याची सूचना त्यांनी जाताना दोनदा दिली. पावसाळ्यानंतर विहीर भरून पाणी १५ फुटावर येतं, म्हणजे हेड एकदम १० मीटरनं कमी होतं. तेव्हा पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटारीवर लोड वाढतो, बऱ्याच जणांच्या मोटारी भरल्या विहिरीत जळतात त्या ह्याच्यामुळं आणि लोक लाईटला दोष देतात. उपाय सोपा आहे, डिलिव्हरीचा कॉक थोडा आवळून गेज वर आणायचा, ३.१ च्या जागी ४ किलोच्या आसपास, आणि करंट नेमप्लेटच्या आत ठेवायचा. त्यासाठी गेज कायमचा बसवून ठेवा, दोन-तीनशे रुपयाची वस्तू आहे, आमच्या विहिरीवर आता कायम आहे आणि अण्णा रोज आकडा वाचून येतात.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क वेळेचा आणि बिलाचा कापला. जायचं असेल तर आठवडी बाजाराचा दिवस सोडून जा, त्या दिवशी काउंटरला जागा नसते आणि मालकांना बोलायला वेळ मिळत नाही. जाताना विहिरीतलं उन्हाळ्यातलं पाणी किती फुटावर, पाईपाची लांबी आणि आतला व्यास, बागेचा चढ आणि जुन्या मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो एवढं घेऊन गेलात तर अर्धा हिशोब काउंटरवरच होतो.